लवाद शिकवायचा तर सौद्याच्या कागदापासून शिकवा
विधी अभ्यास मंडळाला आणि सांगली-साताऱ्यातल्या विधी महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, विधी अभ्यास मंडळ,
आणि सांगली व सातारा जिल्ह्यांतील विधी महाविद्यालयांचे प्राचार्य,

सप्रेम नमस्कार.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं. पेढे वाटून झाले, सत्कार झाले, वकिलांच्या गाड्यांवर नवे स्टिकर लागले. या बेंचमुळे आपल्या अभ्यासक्रमावर काय परिणाम व्हायला हवा, याबद्दल मात्र कुणी बोललेलं माझ्या कानावर नाही. म्हणून हे पत्र.

१९९६ च्या लवाद कायद्याखाली आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादाची, म्हणजे निदान एक पक्ष परदेशी असलेली, प्रकरणं जिल्हा न्यायालयात येत नाहीत. आर्बिट्रेटर, म्हणजे वाद ऐकून निवाडा देणारा माणूस, नेमून घ्यायचा तर कलम ११ खाली थेट सर्वोच्च न्यायालय. भारतात सीट, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ठिकाण, असलेल्या लवादाचा निवाडा रद्द करून मागायचा तर कलम ३४ चा अर्ज उच्च न्यायालयात. परदेशातला निवाडा घेऊन एखादा परदेशी खरेदीदार सांगलीच्या निर्यातदाराच्या गोडाऊनवर आणि बँक खात्यावर वसुली लावायला आला, तर त्याचाही अर्ज उच्च न्यायालयातच. आजवर आम्ही अशी फाईल बांधून मुंबईच्या वकिलाकडे पाठवत होतो आणि पुढच्या तारखेची वाट बघत होतो. आता उच्च न्यायालय पन्नासेक किलोमीटरवर आलं आहे. विजयनगरच्या कोर्टातून दुपारी निघालेला वकील संध्याकाळच्या आत कोल्हापूरला पोचतो. काम जवळ आलं. ते करणारी मुलं आपण घडवतोय का, एवढाच माझा प्रश्न आहे.

मी सांगलीत वकिली करते आणि एका विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर हा विषय शिकवते. तेव्हा जे लिहितेय ते बाहेरून नाही. आपल्याकडे हा विषय कसा चालतो ते आपण सगळेच जाणतो. कलम २(१)(फ) ची व्याख्या पाठ. परदेशी निवाडे मान्य करण्याबद्दलच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारावर टीप. मग निकालांची रांग: रेणुसागर १९९४, भाटिया २००२, बाल्को २०१२. बाल्कोच्या घटनापीठाने भाटियातली भूमिका बदलली आणि कायद्याचा भाग एक परदेशात सीट असलेल्या लवादाला लागू नाही असं ठरवलं, हे माझ्या वर्गातली मुलं झोपेतून उठवलं तरी सांगतील. त्याच मुलांच्या हातात दोन पानांचा विक्री करार द्या आणि विचारा, याची सीट कुठली? वर्गात शांतता पसरते. एकजण हळूच म्हणतो, मॅडम, सुनावणी मुंबईत ठेवायची असं लिहिलंय, म्हणजे मुंबई. आणि करारात तर चार ओळी वर सीट म्हणून लंडन लिहिलेलं असतं.

दोष मुलांचा नाही. त्यांना करार कधी दाखवलेलाच नसतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं की अभ्यासक्रम वरून येतो, आमच्या हातात काही नाही. हे मला पटत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे कायदे-शिक्षणाचे २००८ चे नियम उघडून बघा. पर्यायी वाद निवारण हा सक्तीच्या प्रात्यक्षिक पेपरांपैकी एक आहे, आणि त्याच्या रूपरेषेत आंतरराष्ट्रीय लवाद आणि लवादाच्या नियमावल्या दोन्ही आहेत. पुढे स्पष्ट म्हटलंय की हा पेपर ज्येष्ठ वकिलांनी, कृत्रिम प्रकरणं उभी करून आणि प्रत्यक्ष प्रकरणांच्या अभ्यासातून घ्यावा, आणि मूल्यमापनाचा मोठा भागही प्रात्यक्षिकातून व्हावा. म्हणजे मी मागतेय त्यातलं बहुतेक काही आधीच कागदावर आहे. आपण त्या प्रात्यक्षिक पेपरची जर्नल केली, जर्नलची झेरॉक्स केली, आणि मागच्या वर्षीच्या मुलाचं नाव खोडून पुढच्या वर्षीच्या मुलाचं लिहिलं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो आपुलकीने घेतला जातो: आपल्या जत-आटपाडीच्या पोरांना सिंगापूर-लंडनच्या लवादाचं काय करायचंय? दिवाणी, फौजदारी, फार तर सहकार शिकवा. पोटापाण्याला तेच लागतं.

आता या जिल्ह्यांत काय पिकतं आणि कुठं जातं ते बघू. साखर आपली. ती देशाबाहेर विकली जाते तेव्हा करारात पुष्कळदा लंडनच्या रिफाइंड शुगर असोसिएशनचे नियम घातलेले असतात, आणि वाद झालाच तर तो त्या संस्थेच्या लवादापुढे लंडनला. धान्य, कडधान्य आणि पेंडेच्या जागतिक व्यापारात गाफ्टा या लंडनच्या व्यापारी संघटनेचे छापील करार चालतात आणि त्यांच्याबरोबर तिचे १२५ क्रमांकाचे लवादाचे नियम येतात. या नियमांतली एक गोष्ट ऐकली की मुलं ताठ बसतात. तिथे आर्बिट्रेटर बहुधा त्या धंद्यातलेच लोक असतात, आणि दोन्ही बाजूंनी तसं स्पष्ट मान्य केल्याशिवाय तोंडी सुनावणीला वकील उभाच राहू शकत नाही. मग आपण काय करायचं, असं वर्गात कुणीतरी विचारतंच. खरा तास तिथून सुरू होतो. वकिलाचं काम मग सुनावणीत नाही, त्याच्या कितीतरी आधी. करार होताना, माल भरताना, पहिली तक्रारीची ईमेल आल्यावर चोवीस तासांत काय उत्तर द्यायचं ते ठरवताना.

द्राक्षांचं उदाहरण तर आपल्या घरातलं आहे. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ इथला माल युरोपात जातो. २०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाचे अंश सापडले आणि युरोपात कंटेनर अडकले. बागायतदार या रसायनाला लिहोसिन म्हणून ओळखतात. तेव्हापासून उर्वरित अंशांची तपासणी हा शब्दप्रयोग शेताच्या बांधावर पोचला; पण मालाच्या प्रतीवरून वाद झाला तर तो कुठे, कुठल्या कायद्याने आणि कुणापुढे सुटणार, हे अजून पोचलेलं नाही. बरेच सौदे पाठवलेल्या मालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) मागाहून, या बोलीवर होतात. तिकडून ईमेल येते की इतके टक्के माल खराब निघाला, सोबत तिथल्या सर्व्हेअरचा रिपोर्ट, आणि पट्टीतून रक्कम कापलेली. इकडचा माणूस कपाळाला हात लावून बसतो, फार तर दलालाशी भांडतो.

समजा करारात एक ओळ आहे: डच कायदा लागू राहील. विद्यार्थी म्हणतो, संपलं, आपण हरलो. नाही. मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीबद्दलचा १९८० चा व्हिएन्ना करार भारताने स्वीकारलेला नाही, पण नेदरलँड्सने स्वीकारलेला आहे. करारात तो वगळलेला नसेल तर डच कायदा म्हणताना आंतरराष्ट्रीय विक्रीपुरता हा व्हिएन्ना करारही आत येतो. त्याचं कलम ३९ सांगतं की मालातला दोष लक्षात आल्यापासून, किंवा यायला हवा होता तेव्हापासून, वाजवी मुदतीत खरेदीदाराने तो नेमकेपणाने कळवला नाही तर दोषावर बोट ठेवायचा त्याचा हक्क जातो. नाशवंत मालात ही वाजवी मुदत अगदी थोडी धरली जाते. कंटेनर उघडल्यावर महिनाभराने खरेदीदाराला द्राक्षांची कूज आठवली असेल, तर आपल्या निर्यातदाराच्या हातात भक्कम बचाव आहे. तो बचाव ज्याला माहीत आहे असा वकील तासगावात हवा, रॉटरडॅममध्ये नव्हे. पण आपण मुलांना एवढंच शिकवतो की भारत या करारात नाही, आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो.

साताऱ्याच्या प्राचार्यांना वेगळं उदाहरण देते. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या तुमच्या मुलांनी शाळेच्या सहलीत पाहिलेल्या आहेत. पवनचक्कीतल्या कन्व्हर्टरच्या पुरवठ्यावरून झालेला एक वाद २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला: पीएएसएल विंड सोल्युशन्स विरुद्ध जीई पॉवर कन्व्हर्जन. दोन्ही कंपन्या भारतात नोंदलेल्या. लवादाची सीट झुरिच, नियम पॅरिसच्या आयसीसीचे (इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स), सुनावणी सोयीसाठी मुंबईत. प्रश्न असा की दोन भारतीय पक्ष परदेशी सीट निवडू शकतात का, आणि निवडली तर येणारा निवाडा देशी की परदेशी. न्यायालय म्हणालं, निवडू शकतात, आणि तो निवाडा कायद्याच्या भाग दोनप्रमाणे परदेशी निवाडा. सीट आणि सुनावणीची जागा यांतला फरक यापेक्षा चांगला कुठे शिकवाल? माणसं भारतातली, यंत्र भारतातलं, साक्षीपुरावा मुंबईत, आणि तरीही निवाडा झुरिचचा. हे प्रकरण एक अख्खा आठवडा पुरतं. आपण त्याला एक ओळ देतो, तीही गाईडमधली.

पंप, व्हॉल्व्ह, कास्टिंग, बेदाणा, हळद यांचं वेगळं लिहीत नाही. ज्याने किर्लोस्करवाडीचं स्टेशन पाहिलंय किंवा हळदीच्या सौद्याला मार्केट यार्डात उभा राहिलाय, त्याला जगाशी आपला संबंध काय हे मी सांगायला नको.

मुलांच्या मनात लवाद या प्रकाराबद्दल एक अढी असते, आणि ती रास्त आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्गात जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या घरातली मुलं वर्गात असतात. त्यांच्यासाठी लवाद म्हणजे महामार्ग कायद्याच्या कलम ३जी(५) खाली सरकारनेच नेमलेला अधिकारी आणि वाढीव मोबदल्यासाठी घातलेले हेलपाटे. कुणाच्या भावाची पिकअप फायनान्स कंपनीने ओढून नेलेली असते. करारातल्या बारीक अक्षरांप्रमाणे आर्बिट्रेटर कंपनीनेच चेन्नईत किंवा मुंबईत नेमलेला, आणि घरी थेट निवाड्याची प्रत. मल्टिस्टेट पतसंस्थेच्या वसुलीतही वेगळं काही नसतं. अशा मुलाला पहिल्याच तासाला सांगितलं की लवाद म्हणजे जलद, स्वस्त आणि तटस्थ न्याय, तर तो वहीत लिहून घेतो आणि मनात हसतो.

मी ही अढीच धरून पुढे जाते. एका बाजूने परस्पर आर्बिट्रेटर नेमण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात चाप लावला, आणि २०२४ मध्ये घटनापीठाने सरकारी कंत्राटांच्या संदर्भात तोच विचार पुढे नेला. पिकअपवाल्याच्या भावाला हे दोन निकाल अर्ध्या तासात कळतात, कारण दुखणं त्याचं आहे. मग त्याला विचारायचं: समोर जर्मनीचा खरेदीदार असता तर तू त्याच्या गावात, त्याने नेमलेल्या माणसापुढे वाद चालवायला तयार झाला असतास का? आणि तो तुझ्या गावात? तिथून सिंगापूर आणि लंडन ही तिसरी ठिकाणं का निघतात हे तो स्वतःच सांगतो. त्याचे पणजोबाही हेच करत होते. मराठेशाहीत गावच्या गोतावर, म्हणजे न्यायनिवाडा करणाऱ्या सभेवर, भरवसा नसेल तर वादी-प्रतिवादी दुसऱ्या ठिकाणचं गोत मागत, आणि निवाड्याला बसण्याआधी दोघांकडून तो मान्य करण्याचा राजीनामा (तेव्हाच्या भाषेत संमतिपत्र) आणि जामीन लिहून घेतला जाई. कायद्याच्या इतिहासाच्या पेपरात हे आपण शिकवतो, पण तिसऱ्या मजल्यावर. लवाद पहिल्या मजल्यावर. दोघांची गाठ पडत नाही.

आता शिकवायचं कसं. माझ्या वर्गात मी एक संच वाटते: प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, पर्चेस ऑर्डर, आठ-दहा ईमेल, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याची पावती), प्रयोगशाळेचा रिपोर्ट, आणि पर्चेस ऑर्डरच्या पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेल्या अटी. सगळे कागद बनावट. कायद्यातच २०१९ पासून कलम ४२अ ने लवादाची गोपनीयता सांगितली आहे, तेव्हा पक्षकारांचे खरे कागद वर्गात आणू नयेत. मुलांनी आधी हे शोधायचं की लवादाचा करार झालाय का. पर्चेस ऑर्डरवर सही नाही, पण माल पाठवला, पैसे घेतले. कलम ७ ला एकच सही केलेला कागद लागत नाही, पत्रव्यवहारातून आणि इलेक्ट्रॉनिक संदेशांतूनही करार उभा राहतो, हे तेव्हा त्यांना पुस्तकाबाहेर दिसतं. मग सीट. मग करार कुठल्या कायद्याने चालणार. मग आर्बिट्रेटर किती. अठरा लाखांच्या हळदीच्या वादाला तीन आर्बिट्रेटर आणि सिंगापूरची सुनावणी लिहून ठेवणारा वकील पक्षकाराला वाद जिंकूनही बुडवतो, हे खर्चाचा तक्ता मांडायला लावल्याशिवाय कळत नाही. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतला फीचा तक्ता आंतरराष्ट्रीय लवादाला लागू नाही, हेही याच वेळी सांगायचं. परीक्षेत नाही विचारलं तरी चालेल.

सगळ्यात जास्त वेळ मी एका कामाला देते: क्लॉज, म्हणजे करारातलं लवादाचं कलम, लिहिणं. मुलं पहिल्यांदा जे लिहून आणतात ते मासलेवाईक असतं. "वाद उद्भवल्यास तो मुंबई किंवा लंडन येथे आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार लवादाने अथवा सक्षम न्यायालयाने सोडवावा." एका वाक्यात तीन खटल्यांची सोय. ते वाक्य फळ्यावर लिहायचं, वर्गाचे दोन भाग करायचे, एका भागाने हा लवादाचा करार आहे म्हणून भांडायचं, दुसऱ्याने नाही म्हणून. तासाच्या शेवटी तोच विद्यार्थी फळ्याजवळ जाऊन स्वतःचं वाक्य खोडतो आणि सीट, नियमावली, आर्बिट्रेटरची संख्या, भाषा, एवढंच ठेवतो.

आणखी एक तास मी न उघडलेल्या ईमेलवर घेते. लंडनहून नोटीस येते, निर्यातदार म्हणतो, मी काय तिकडे जातोय, आणि गप्प बसतो. एकतर्फी निवाडा होतो. मग तो इथे आपल्याकडे येतो आणि म्हणतो, वकीलसाहेब, माझी बाजू ऐकलीच नाही. कलम ४८ खाली नोटीस मिळाली नव्हती हे दाखवता आलं तर ठीक. नोटीस मिळूनही गप्प बसला असेल तर फार थोडं उरतं. २०२० च्या विजय कारिया निकालाने ती दारं किती अरुंद आहेत ते पुन्हा सांगितलं. माल चांगला होता की वाईट, याची फेरतपासणी आपलं न्यायालय करत नाही. हे वाक्य पक्षकाराच्या तोंडावर कसं बोलायचं, याचाही सराव मी मुलांकडून करून घेते. ते मराठीतच बोलावं लागतं, आणि इंग्रजीत पाठ केलेल्यांना ते बोलता येत नाही.

भाषेचं एवढंच म्हणते: युक्तिवाद आणि निवेदनं इंग्रजीत लिहायला शिकवा, त्याला पर्याय नाही. पण विचार मराठीत होऊ द्या. वर्गात मराठीतून भांडलेली मुलं नंतर इंग्रजीत जास्त नेमकं लिहितात, हा माझा अनुभव आहे.

आता मूट कोर्ट, म्हणजे कल्पित खटले चालवायचा सराव. व्हिएन्नाच्या व्हिस मूट या आंतरराष्ट्रीय लवाद स्पर्धेचं नाव निघालं की दोन टोकं होतात. एकतर आपण तिथे टीम पाठवलीच पाहिजे, नाहीतर ते आपलं कामच नाही. विमानभाडं, व्हिसा, राहणं हे आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्यात फारसं नाही, आणि त्यासाठी वर्गातल्या चार मुलांवर सगळा निधी ओतणं मला मान्य नाही. पण त्या स्पर्धेचं कल्पित प्रकरण दरवर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वांसाठी खुलं होतं, जुनीही मिळतात, आणि व्हिएन्ना करारावरचं त्याहून चांगलं साहित्य फुकटात मिळणार नाही. सांगली, सातारा आणि कऱ्हाडच्या मुलांनी एक जुनं प्रकरण घेऊन दोन दिवस एकमेकांविरुद्ध चालवावं. आर्बिट्रेटर म्हणून एक वकील, एक निर्यातदार, एक चार्टर्ड अकाउंटंट बसवा. निर्यातदार जे प्रश्न विचारेल ते आपल्याला सुचणारही नाहीत. बिल ऑफ लेडिंगवरची तारीख आणि कोल्ड स्टोअरेजच्या नोंदीतली तारीख वेगळी का, हे पहिल्या मिनिटाला तोच विचारणार.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. पर्यायी वाद निवारणाच्या पेपरच्या अंतर्गत गुणांतले निम्मे गुण तरी कागदपत्रांच्या संचावर आणि क्लॉज लिहिण्यावर द्या, आणि लेखी परीक्षेत एक सक्तीचा प्रश्न करार पुढ्यात ठेवूनच विचारा. "टीप लिहा" बंद झालं की गाईड आपोआप पातळ होतील. बाहेरच्या वकिलाला वर्गात बोलावण्यासाठी मानधनाची तरतूद करा. तासाला जे मिळतं त्यात सांगली ते कऱ्हाड गाडीचं पेट्रोलही सुटत नाही, हे प्राचार्यांना माहीत आहे. आणि शिक्षकांना सुट्टीतल्या रिफ्रेशर कोर्सला पाठवताना एक दिवस व्याख्यानाऐवजी बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये आणि एक दिवस कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटच्या ऑफिसात घालवू द्या.

ज्यांना हे जास्त वाटतं त्यांनी एवढं तरी करावं: पुढच्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेत एक पानाचा करार छापावा. माझ्याकडचा संच, उत्तरसूचीसकट, कोणत्याही महाविद्यालयाला मी विनामूल्य देईन. द्राक्षाचा आणि पवनचक्कीचा तयार आहे. साखरेचा दिवाळीच्या सुट्टीत होईल. संच नेणाऱ्यांनी एकच करावं, मुलांनी लिहिलेले सगळ्यात वाईट क्लॉज मला परत पाठवावेत. त्यांचा पुढच्या वर्षी फार उपयोग होतो.

आपली,
एक वकील व तासिका तत्त्वावरील अध्यापिका,
सांगली